ढिवर टोलीचा गट

लाखांदूर तालुक्यातल्या त्या गावात पहिला महिला बचत गट उभा केला तो सुलोचनाबाईनं. दारोदार फिरली, नवऱ्यांची बोलणी ऐकली. धानाच्या रोवणीच्या आधी पैशाची अडचण आली की बायका तिच्याच ओसरीवर येऊन बसत.

मग यादोरावची सून उर्वशी बँक सखी झाली. गळ्यात ओळखपत्र, हातात अंगठा लावून गावातच पैसे काढून द्यायचं मशीन. बायका तिच्याकडे जाऊ लागल्या. सुलोचनाबाई मात्र स्वतःचे पैसे काढायला एसटीनं लाखांदूरला जायची, पण उर्वशीच्या मशीनवर अंगठा ठेवायची नाही.

तलावापलीकडे मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती, म्हणजे टोली, होती. तिथल्या बायका पूर्वी सुलोचनाबाईकडे गटात घ्या म्हणून आल्या होत्या. "मासोळीचा पैसा, आज आहे, उद्या नाही," असं म्हणून तिनं त्यांना परत पाठवलं होतं. उर्वशीनं त्यांचाच गट केला, आणि बचत बाजाराच्या दिवशी ठेवली, म्हणजे मासोळी विकून हातात पैसा असेल तेव्हा. पुढं बर्फाच्या पेट्यांसाठी बँकेकडे कर्जही मागितलं.

हे कानावर आलं तशी सुलोचनाबाई उठली. तिनं बँकेच्या साहेबाला फोन लावला. "त्या बाया कर्ज बुडवतीन."

कर्ज अडकलं. उर्वशीला त्या फोनचं काही ठाऊक नव्हतं. ती सुलोचनाबाईच्याच घरी आली.

"काकू, साहेब टोलीत येऊन राहिले. तुमी दोन शब्द बोला ना. तुमचं ऐकतीन ते."

सुलोचनाबाईला बरं वाटलं, फार बरं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. टोलीतल्या बायकांनी तिला चटई टाकून दिली, पाणी दिलं. पावसाळ्यात मासेमारी बंद असतानाही त्यांनी मजुरी करून बचत भरली होती, हे तिला तिथं कळलं. तिच्या स्वतःच्या गटाला असं कधी जमलं नव्हतं.

ती त्यांच्या बाजूनं बोलू लागली, तसे साहेब चमकले. "बाई, फोन तर तुम्हीच केला होता ना?"

उर्वशीनं हातातली बचतीची वही मिटली.

"केला होता," सुलोचनाबाई म्हणाली. "या पोरीवर जळून राहिली होती मी. बायांचा काही दोष नाही. कर्ज द्या त्यायले."

कर्ज मिळालं, पेट्या आल्या. उर्वशी बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही. आता बोलते, कामापुरतं.

सुलोचनाबाई बाजारात मासोळी टोलीच्या बायकांकडूनच घेते. त्या बसल्या बसल्या हसून बोलतात. पण उर्वशी दिसली की सगळ्या उठून उभ्या राहतात. मग सुलोचनाबाई पिशवी उचलते आणि मासोळीचा भाव न विचारताच पुढच्या दुकानाकडे चालू लागते.