डॉक्टरीणबाईंची ट्रेड टेस्ट

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, मग सांगतो. ठसका लागला तर माझी जबाबदारी नाही.

मी सौदीतल्या तबूकमध्ये पाइपफिटिंगचा फोरमन. नवा फिटर रत्नागिरीचा असो की केरळचा, त्याची ट्रेड टेस्ट मीच घेतो. जोड मारायला लावायचा, पाणी सोडायचं, गळला की खलास. पिकल्या मिशीचे कितीतरी फिटर मी नापास केलेत. मिशी बघून पाणी थांबत नाही, असं मीच सगळ्यांना ऐकवत फिरायचो.

मग माझ्याच किडन्या बसल्या. डायलिसिस सुरू झालं, तेही मानेत घातलेल्या नळीतून. झोपेत कूस बदलायची चोरी! त्या नळीने जीव नकोसा केला होता. डॉक्टर म्हणाले, हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडू, ती शीर तयार झाली की सुया तिथेच टोचता येतील आणि मानेतली नळी निघेल. जोड म्हटल्यावर मी खूश. आपलंच खातं ना!

पण जोड मारायला आलं कोण? माझ्या मुलीच्या वयाची, हैदराबादची डॉक्टरीण. बाजूला पिकल्या दाढीचे मोठे डॉक्टर हाताची घडी घालून उभे. मी फिटरांचा फोरमन, जोड पास-नापास करणारा, असं सांगून मी लगेच टेस्ट सुरू केली. असे जोड किती केलेस, बंद किती पडले? आणि उत्तराची वाट न बघताच म्हटलं, "बेटी, तू बाजूला बस. साहेब करतील."

ती हसली. "चाचा, साहब तो मेरे पास ये काम सीखने आए हैं."

साहेबांनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी पोटाची ऑपरेशनं केलेली. हे बारीक जोड करायला घेतले तेव्हा सुरुवातीचे बंद पडले, म्हणून ते हिच्या हाताखाली आले. ती रोज हेच एक काम करायची. मला काही पटलं नाही, पण नळीला कंटाळून "यल्ला", म्हणजे चला, म्हटलं.

ऑपरेशननंतर तिने हाताबद्दल बरंच समजावलं. माझं लक्ष असेल तर ना!

संध्याकाळी मनगटाजवळ सहज बोट ठेवलं, तर आत गुरगुर! मांडीवर मांजर बसावं तशी. आता तुम्हीच सांगा, पाइप थरथरायला लागला तर फिटर काय करतो? क्लॅम्प लावतो. मी उशीखालचा रुमाल काढला आणि करकचून आवळला. गुरगुर थांबली. ऐटीत सिस्टरला बोलावून सांगितलं की पोरीचा जोड सैल होता, मी क्लॅम्प लावून सांभाळून घेतला.

सिस्टर धावली ती दोघा डॉक्टरांना घेऊनच आली. डॉक्टरीणबाईंनी आधी कात्रीने रुमाल कापला. ती गुरगुर म्हणजे जोडातून वाहणारं रक्त, ते अडलं तर जोड कायमचा बंद पडू शकतो, हे साहेबांनी सांगितलं. म्हणजे पुन्हा ती नळी? बाई मनगटाला बोटं लावून गुरगुर शोधत होत्या. मी मनातल्या मनात दुआ मागत होतो.

मग त्यांनी माझंच बोट धरून तिथे ठेवलं. गुरगुर चालू होती. मला रडूच फुटलं हो, इतकं हायसं वाटलं. डोळे पुसायला रुमाल शोधायला लागलो, तर त्याचे दोन तुकडे झालेले.

बाईंनी त्यातला एक माझ्या हातात दिला. "चाचा, मेरा जोड पास. क्लॅम्प लगानेवाला फिटर फेल."