एकनाथला शब्द सांगताना

नटांचे किस्से कोणी जमवायला जात नाही. तालमीनंतर चार नट स्टँडवर चहाला टेकले की उठेपर्यंत एक नवा तयार असतो. मी नट नाही. घोडेगावच्या आमच्या हौशी नाटक मंडळीत मी वही धरतो. म्हणजे विंगेत उभा राहून, नट अडला की पुढचा शब्द पुरवतो. शाळा चौथीपर्यंत. पण माझा आवाज पहिल्या रांगेला कधी ऐकू गेला नाही. असा दुसरा दाखवा!

* * *

लोक म्हणतात, नट म्हणजे पक्का थापाड्या.

आमचा मुख्य नट एकनाथ. जनावरांच्या बाजारात म्हैस घेऊन उभा होता. रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरला. एवढ्यात हाच म्हणाला, "पाव्हणं, एक सांगायचं राहिलं. ही दूध चोरती, सगळं सोडत न्हाई."

पाहुणा निघून गेला. दलालानं कपाळावर हात मारला. "आरं, स्टेजवर राजा हुतोस, अन् हितं एक थाप मारता येईना व्हय?"

"थाप मारायला मला वही लागती!" एकनाथ म्हणाला.

* * *

नट तापट असतो म्हणतात. हे मात्र खरं आहे.

राजूरला प्रयोग होता. एकनाथ बोलता बोलता थांबला. मी शब्द दिला. अंक संपल्यावर तो विंगेत आला तो लाल होऊनच. "तात्या, मी अडलो नव्हतो, थांबलो हुतो! फरक कळत नसंल तर वही खाली ठेव."

मी वही खाली ठेवली. मलाही मान आहे.

दुसऱ्या अंकात तो तलवारीवर हात ठेवून थांबला. मीही थांबलो. सगळा मांडव थांबला. शेवटी ओठ न हलवता तो पुटपुटला, "तात्या, आता अडलो!"

* * *

नट पितात, हे तर सगळेच धरून चालतात.

आमच्या मुरलीची सोयरीक ठरत आली होती. मुलीचा बाप नाटक बघायला आला. मुरलीकडं दारुड्याचं काम. असं वठवलं की मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. बाप मधेच उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मुरली त्यांच्या दारात. "मामा, शपथ घेतो, बाटलीत कोरा चहा हुता!"

"चहा पिऊन एवढा हेलपाटतोस," बाप म्हणाला, "तर तुला पोरगी कशी देऊ?"

लोक हा किस्सा ऐकून हसतात. मुरली अजून एकटाच आहे. ते काम त्यानं पुन्हा केलं नाही.

* * *

नटाचं एक बरं असतं. तो कसाही वागला तरी लोक म्हणतात, कलाकार माणूस, मूड असतो त्याचा.

दोन वर्षांपूर्वी एकनाथ तालमीत मुरलीवर ओरडायला लागला. "ए, इकडं ये! तू, तूच!" सगळे म्हणाले, मूड गेलाय. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याला मुरलीचं नाव आठवत नव्हतं. वही धरणाऱ्याला हे डॉक्टरच्या आधी कळतं.

मास्तर आमचं नाटक बसवतात. त्यांनी एकनाथला बदलायचं ठरवलं. त्या दिवशी त्याची बायको गयाबाई माझ्या घरी आली.

"भाऊजी, ह्यांना उतरवू नका. घरात शब्द बोलत न्हाईत. तितं तरी बोलत्यात."

मी मास्तरांना म्हणालो, "एक प्रयोग द्या. जबाबदारी माझी."

त्या प्रयोगात तिसरा अंक मी त्याला शब्द न् शब्द दिला. लोक बाहेर पडताना म्हणत होते, आज एकनाथ किती सावकाश, वजनानं बोलला!

टोप उतरवत तो माझ्याजवळ येऊन बसला. "तात्या, खरं सांग. आज मी अडलो का थांबलो?"

"थांबलास," मी म्हणालो.

मी खोटं बोलणारा माणूस नाही. तेवढं एकदा बोललो.

* * *

यंदा तो स्टेजवर नाही. माणसंही ओळखेनासा झाला.

उन्हाळ्यात गयाबाईला ऑपरेशनसाठी नगरला न्यायचं ठरलं. मोठं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. निघायच्या दिवशी सकाळी तिनं मला बोलावून घेतलं. "भाऊजी, सा महिनं झालं, ह्यांनी मला नावानं हाक मारली न्हाई. जायच्या आधी तेवढं करा."

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. वही नव्हती. गयाबाई पिशवी घेऊन त्याच्यासमोर गेली.

"कोन पायजे?" त्यानं विचारलं.

मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "गया."

एकनाथनं माझ्याकडं मान वळवली नाही. मुरलेला नट आवाजाकडं बघत नाही.

"गया," तो म्हणाला.

"काळजी करू नको."

"काळजी करू नगं."

"मी वाट बघतो."

"मी वाट बघतो."

आता बोलायचं होतं ते गयाबाईनं. पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती नुसती उभी. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला कधी बायामाणसांना शब्द द्यायची वेळ आली नव्हती.

एकनाथनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तो जरासा पुढं झुकला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"येते म्हन. येते."