नग दोन, हात मोकळे

माणूस खांद्यावर बसला की बोलायला लागतो. जमिनीवर दोन तास गप्प बसलेला माणूस पाण्यावर आला की घरचं, दारचं, सासरचं सगळं सांगतो. भीती वाटते ना! आम्ही खालून "हां, हां" करत चालायचं. असं वीस-बावीस वर्षं केलं. सामान ज्याचं त्याला उतरवून दिलं, पण गोष्टी माझ्याकडंच राहिल्या. मला लिहिता येत नाही. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोला, मी लिहिते." तर सावकाश सांगतो. घाई असेल त्यानं पुढल्या बोटीनं जावं.

आमच्या गावाला धक्का नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट आमच्यासमोर खोल पाण्यात उभी राहायची आणि भोंगा द्यायची. मग आमचा पडाव जायचा. पडाव म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी. बोटीच्या शिडीवरून माणसं आणि सामान पडावात घ्यायचं, किनाऱ्याजवळ आणायचं, आणि शेवटचं गुडघाभर पाणी माणसांनी आमच्या खांद्यावरून ओलांडायचं. बोट काही आमची वाट बघत बसायची नाही. जेवढं झालं तेवढं झालं.

पडावावर आम्ही तिघं. सुकाणूवर राघो तांडेल, वल्ह्यांवर मी, म्हणजे धर्मा, आणि हुसेन. तांडेलचे नियम दोनच. माणशी दोन नग, आणि पाण्यात उतरताना हात मोकळे. "हातात काय धरलेला मानूस घसरला, तर आधी सामान वाचवतो," असं त्याचं म्हणणं.

तांडेलचा मुलगा पांडू मुंबईला गोदीत कामाला गेला होता. तिथून परदेशी बोटीवर खलाशी म्हणून चढला. वर्षभर पत्रं आली, मग बंद झाली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. पडाव बोटीला लागला की तांडेल आधी शिडीवरच्या माणसांची तोंडं बघायचा, मग सामान. त्या वेळेला आम्ही दोघं उगाच वल्ही नीट करायचो. पांडूच्या आईनं डोळ्याला पदर लावला की तो म्हणायचा, "रडतीस काय? सगळं घेऊन जातो तो परत येत न्हाय. पांड्यानं काय नेलं? एक टॉवेल!"

*

एकदा नवीन मास्तर आले. बदलीचं सामान, म्हणून नियम जरा सैल केला, तर निघाले चौदा नग! प्रत्येक नगावर कागदाचं लेबल, लेबलावर नंबर, आणि खिशात यादी. मला नंबर वाचता येत नव्हते, पण मास्तर मोठ्यानं ओरडत होते.

"एक नंबरपासून क्रमानं घ्या! उतरवताना गोंधळ नको!"

एक नंबर म्हणजे गादीची वळकटी. चौदा नंबर म्हणजे पाटा-वरवंटा.

तांडेल म्हणाला, "मास्तर, जड तळाला जाऊ द्या."

"नाही. क्रम म्हणजे क्रम."

झालं! गादी तळाच्या पाण्यात आणि पाटा सगळ्यांच्या डोक्यावर. पहिल्या लाटेला पडाव कलला. दुसऱ्या लाटेला चौदा नंबर आपणहून तळाला गेला, आणि वाटेत नऊ नंबरची लोणच्याची बरणी घेऊन गेला. लोणच्याचं तेल सावकाश एक नंबरमध्ये मुरलं. मास्तर यादी हातात धरून बसले होते.

"हे असं कसं झालं? मी तर सगळं व्यवस्थित लिहिलं होतं!"

तांडेल म्हणाला, "तुमचं लिवनं बरोबरच हाय मास्तर. पर दर्याला पाढे येत न्हायीत!"

*

गावातली सुगंधा मुंबईला दिलेली. माहेरपण करून परत निघाली की आईचा जीव राहायचा नाही. तांदूळ, कोकम, नारळ, सुके बोंबील, सुकट. आणि तांडेल किनाऱ्यावर उभा. "दोन नग!"

एका खेपेला सुगंधानं डोकं चालवलं. सुकट आणि बोंबील धुवट कपड्यांच्या घड्यांमध्ये बसवले. खाली लुगडी, मध्ये सुकट, वर नवऱ्याला आईनं दिलेले दोन नवे शर्ट. बरोबर दोन नग झाले. तांडेल खूश. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "ही खरी हुशार बाई! हिच्याकडनं शिका!"

दोन महिन्यांनी तिचा नवरा गावी आला. शिडीवरून उतरतानाच त्यानं तांडेलला हात जोडले.

"तांडेल, पाया पडतो, हिला तिसरा नग घेऊ देत जा! चाळीतली मांजरं माझ्या मागनं हापिसापर्यंत येतात!"

*

बोर्लीच्या एका लग्नाला नवऱ्या मुलाचा मामा मुंबईहून आला. त्याला नियम कुणीतरी आधीच सांगितला होता. म्हणून त्यानं हातात एकच पिशवी ठेवली आणि बाकी सगळं अंगात घातलं! तीन सदरे, दोन कोट, आत आणखी काय काय. डोक्याला फेटा, त्याच्यावर टोपी. उन्हाळ्याचे दिवस, माणूस शिजत होता, पण तोंडावर मोठा आनंद.

"बघा तांडेल, नग एकच!"

मी त्याला खांद्यावर घेतला आणि माझे पाय वाळूत रुतले. चार पावलं गेलो. पाचव्याला आम्ही दोघंही पाण्यात! तसा तो कोरडाच माझ्याच्यानं पेलत नव्हता. आता सगळे कपडे पाणी प्याले. आम्ही तिघांनी धरून ओढला तेव्हा कुठं वाळूवर आला. मग एकेक कपडा उतरवून पिळायचा आणि होडीच्या काठावर टाकायचा. कोट निघाला, सदरा निघाला, पुन्हा कोट निघाला, पुन्हा सदरा. शेवटी आत हा एवढासा किडकिडीत माणूस.

हुसेन म्हणाला, "मिळाला रे मिळाला! मला वाटलं, नुसतं सामानच आलंय!"

*

या हुसेनवरच पुढं पाळी आली. एक शेठजी बहिणीकडं निघालेले. मांडीवर तुपाचं पितळी भांडं, तोंडाला फडकं बांधलेलं. तांडेल म्हणाला, "हात मोकळे करा." शेठजी ऐकेनात.

"अरे भाई, ए तो घी छे! घरचं आहे, बहिणीसाठी. हे मी कुणाच्या हातात देणार नाही."

ऊन असं की तूप पातळ होऊन डुचमळत होतं. हुसेननं त्यांना खांद्यावर घेतलं. लाट आली तशी शेठजींनी हुसेनची मान न धरता भांडंच छातीशी आवळलं. भांडं तिरकं झालं. डोक्यावरून, कानामागून, पाठीवरून हुसेनला तुपाची आंघोळ! शेठजी वरून ओरडताहेत, "हलू नको, हलू नको!" आणि हुसेन खालून म्हणतोय, "मी न्हाय हलत शेठ, मी घसरतोय!"

तसाच तो घरी गेला. त्याची आई आमिनाबी. सगळं गाव तिला खाला म्हणायचं. तिनं पोराला दारातच अडवलं, सदऱ्याला बोट लावलं, हुंगलं.

"काढ तो सदरा. आणि धुवू नको हां! भाकऱ्या व्हायच्यात अजून!"

*

ही खाला म्हणजे सामान बांधण्यात आम्हा सगळ्यांची गुरू. तिला हजला जायचं होतं. किती वर्षांची इच्छा, आणि एका थंडीत ते जमून आलं. मुंबईला तिचा भाऊ होता, त्याच्याबरोबर ती पुढं मोठ्या बोटीनं जाणार होती. चार महिन्यांचा प्रवास! तांडेलनं मनाची तयारी केली होती. आम्हाला म्हणाला, "खालाला नियम न्हाय. धा नग असले तरी घ्यायचे."

खाला आली ती एक पत्र्याची पेटी घेऊन. तांडेलनं ती एका हातानं उचलली आणि थबकला.

"खाला, पेटी रिकामी हाय काय?"

"रिकामी कशाला? दोन जोड कपडे हायत. तांदूळ, सुकट, लोणचं, एक तांब्या. मेले तर लागंल तो पांढरा कपडा बी हाय. आनी काय लागतं माणसाला?" मग तिनं कमरेची एक जाड सुती दोरी काढून दाखवली. "माझं सामान एवढंच. हे गावाचं."

दोरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठी! गावातलं जो तो तिला सांगून गेला होता, "खाला, माझ्यासाठी तिथं एक दुवा माग." तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून माणसाला एक गाठ. तिथं एकेकाची दुवा मागायची आणि त्याची गाठ सोडायची. डोळे मिटून ती बोटांनी चाचपून सांगायला लागली.

"ही परटिणीची, सुनेची कूस उजवावी म्हणून. ही मास्तरची, परत बदली व्हावी म्हणून. ही सुगंधाच्या आईची. ही धर्मा तुझी, कंबर राहावी म्हणून. ही हुसेनची, ती सांगणार नाय!"

हुसेन कानापर्यंत लाल झाला. सगळे हसले. खाला तांडेलकडं वळली.

"राघो, तुझी नाय यात."

"माझं काय न्हाय. चला, बोट दिसाया लागली."

एरवी तांडेल माणसं उचलत नसे, ते काम आमचं. त्या दिवशी तो खाली उतरला आणि खालाला त्यानं स्वतः उचललं, लहान मूल उचलतात तसं. आम्ही दोघं पडावात होतो. अर्ध्या पाण्यात तो थांबला. लाट नव्हती, काही नव्हतं, उगाच थांबला. त्याचे ओठ हलले. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. पडावाशी आला तेव्हा खालाचे दोन्ही हात दोरीत गुंतलेले होते, ती गाठ मारत होती. आणि "हात मोकळे" असं काही तांडेल तिला म्हणाला नाही.

*

उन्हाळ्याच्या शेवटी, बोटी बंद व्हायच्या आधी, खाला आली. उन्हानं काळी झालेली, पण डोळे हसरे. पेटी गेली होती त्याहून हलकी. वर मक्केहून आणलेला झमझमच्या पाण्याचा एक डबा आणि खजूर. सगळं गाव वाळूवर जमलं. मास्तर तर धावत आले.

"खाला, माझं सांगितलं ना?"

"सांगितलं बाबा! तुझं तर दोनदा सांगितलं, तुझ्या शाळंतल्या पोरांनी बी मला तेच सांगून ठेवलं होतं!"

मग तिनं दोरी काढली. सगळी सरळ, मोकळी. माझी कंबरसुद्धा तिथं सोडून आली होती. फक्त टोकाला एक गाठ शिल्लक. ती कुणाची हे कुणी विचारलं नाही. तांडेल पेटी पुसत होता. पेटी कोरडीच होती.

शेवटी तोच म्हणाला, "राहून गेली वाटतं."

"राहून कशाला जाईल? तुझी दुवा मी सगळ्यात जास्त मागितली, राघो. पण गाठ सोडली नाय. अल्लाला म्हटलं, बघ, सगळ्यांचं ओझं तुझ्या दारात उतरवलं. हे एकच परत नेतेय. पोर घरी आलं की मगच सोडीन. म्हातारीला किती दिवस वागवायला लावतोस, ते तू ठरव!"

*

पावसाळा सरला, बोटी सुरू झाल्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पडाव बोटीला लागला. तांडेलनं सवयीप्रमाणं शिडीवर बघितलं आणि सुकाणू सोडून दिलं. हुसेननं ते पकडलं, नाहीतर आम्ही बोटीवर आपटलो असतो.

शिडीवर पांडू उभा होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, खांद्याला एक पिशवी. इतकी वर्षं कुठं होता, कुठल्या बंदरात आजारी पडला, पत्र लिहायची लाज कशी वाटली, ते त्यानं पुढं कितीतरी दिवस सांगितलं. त्या वेळेला कुणी काही विचारलं नाही. बापानं हात दिला आणि एवढंच म्हणाला, "पाय जपून टाक. शिडी वली हाय."

आम्ही किनाऱ्याला लागेपर्यंत वाळूवरच्या कुणीतरी पांडूला लांबूनच ओळखून खालाला निरोप पोचवला होता. ती काठी टेकत वाळूवर आली. पांडूच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि कमरेची दोरी काढली.

गाठ काही सुटेना. खारं पाणी आणि वारा खाऊन ती दगडासारखी झाली होती. खालानं नखं लावली. मी घेतली. गाठी मारण्यात आणि सोडण्यात जन्म गेला आमचा, पण मला जमेना. हुसेननं दात लावून बघितले. पांडू म्हणाला, "चाकू देऊ?" तशी खाला त्याच्यावर ओरडली, "कापायची नाय! सोडीन म्हटलंय मी!"

ती खाली वाळूवर बसली, पदरानं बोटं पुसली आणि हळूहळू, कणाकणानं गाठ ओढायला लागली. सगळे वाकून बघत होतो. दोरीचा एक पदर हलला. दुसरा सैल झाला. "आली, आली!" हुसेन म्हणाला.

तेवढ्यात तांडेल पुढं आला, खालाच्या समोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं तिच्या दोन्ही हातांवर आपला हात ठेवला.

"खाला, राहू दे ना. सुटली, आनी परत गेला म्हंजी?"

 खालानं ती अर्धी सुटलेली गाठ दोन्ही हातांनी ओढून पुन्हा घट्ट केली.