तुपाची दुसरी वाटी

पद्माक्का कढईशी बोलत असे. तेल तापलं की शंकरपाळीचा एकच तुकडा ती त्यात सोडायची आणि वाकून सांगायची, "जा, तेल कसं हाय बघून ये." तुकडा फुलून वर आला की, "आलीस? मग बाकीच्यांस्नी बोलीव." निपाणीच्या आमच्या गल्लीत दिवाळीच्या आधी ती रोज एका घरी तळणाला जायची. कुणी बोलवायची गरज नसे. कुठल्या दिवशी कुणाचं घर, हे तिचं तिनं ठरवलेलं असायचं आणि दारात पाऊल टाकता टाकता पहिली सूचना यायची, "दिवस मावळायच्या आत कढई उतरली पायजे. तेलात किडामुंगी पडली तर पाप तुमच्या घरावर, मी फकस्त तळणारी!"

तिच्या तोंडातून कुणाची सुटका नव्हती. माझ्या बायकोची पोळी एका बाजूला लांबायची. "सुजाता, पोळी लाटतीस का नकाशा काढतीस गं? कर्नाटकाची हद्द वलांडून गेली बघ तुझी पोळी!" सुजाता हसून लोळायची आणि पुढची पोळी अजूनच वाकडी व्हायची.

शंकरपाळीला पद्माक्का आळशी बाईची करंजी म्हणायची. "सारण न्हाय, मुरड न्हाय. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, आन् मावंल तेवढा मैदा. ह्यात चुकायला हाय काय?"

चुकायला जागा होती. ती मी शोधून काढली.

माझ्या मुलीची, श्वेताची, लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. तिच्यासोबत जावई आणि विहीणबाई कोल्हापूरहून येणार होते. "आमच्याकडं फराळाला मीही हात लावतो," असं मी विहीणबाईंना फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो. म्हणून पद्माक्कानं मला पातेल्यापाशी उभं केलं. दूध-साखर गरम झाली, मी वाटीभर तूप ओतलं. तेवढ्यात जावयाचा फोन आला, "कोगनोळीपर्यंत आलोय, पंधरा मिनिटांत पोचतो." घरात एकच धावपळ. मी अंगण बघून आलो, गाडीला जागा करून आलो. परत आलो तर ओट्यावर तुपाची भरलेली वाटी दिसली. मघाशी ओतलं की नाही, आठवेना. मी ती पातेल्यात रिकामी केली. ती चिरोट्यांसाठी काढून ठेवलेली होती.

पद्माक्कानं मैदा घातला, मळला, लाटून कातला. ती पहिला घाणा सोडत होती तेव्हा विहीणबाई कौतुकानं शेजारी येऊन उभ्या होत्या. तेलावर फेस आला आणि शंकरपाळ्या एकेक करून विरघळल्या. कढईत नुसता भुगा तरंगू लागला.

"तूप जास्त झालंय," पद्माक्का म्हणाली. "अजित, किती वाट्या घातलास रं?"

मला त्याच क्षणी सगळं आठवलं. विहीणबाई माझ्याकडं बघत होत्या.

"एकच," मी म्हणालो.

पद्माक्कानं चिरोट्यांची वाटी उचलली. रिकामी होती. तिनं ती पालथी करून बघितली. "मग मीच वतली असंल," ती हळू आवाजात म्हणाली. "आठवंना बघ मला."

तिनं आणखी मैदा मळून ते पीठ सावरलं. पाहुण्यांनी शंकरपाळ्या आवडीनं खाल्ल्याही. पण त्या संध्याकाळी ती कुणाची थट्टा न करता घरी गेली. तिच्या आईला शेवटी शेवटी लेकीचं नावही आठवत नव्हतं. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

पुढच्या दिवाळीला ती कुणाच्याच घरी गेली नाही. मी बोलवायला गेलो तर म्हणाली, "नगं बाबा. माझं डोस्कं आता जाग्यावर न्हाय. आईच्या वळणावर चाललेय." तिच्या गॅसजवळ कॅलेंडर टांगलेलं होतं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. मी विचारलं तर सांगितलं, "गॅस बंद केला की एक खूण करते. भरवसा न्हाय ना." वर्षभराच्या खुणा. मी उलटली तेवढी पानं भरलेली.

मी कॅलेंडरचं पान सोडलं. "आक्का," मी म्हणालो, "दुसरी वाटी मी घातली होती. खोटं बोललो मी."

ती माझ्याकडं वळली. "दोन्ही वाट्या तूच?"

"होय."

"भगवंताशप्पथ?"

"शप्पथ."

मला वाटलं, आता मारते. पण ती ताडकन उठून दारात गेली आणि गल्लीभर ओरडली, "अगं सुजाता! माझं डोस्कं चांगलं हाय गं! तुझा नवरा गाढव हाय!" मग आत येऊन खरंच लाटणं उचललं आणि माझ्या दंडावर दोन सणसणीत दिले. "वरीस खाल्लास माझं! एक वरीस! रातीला झोप न्हवती मला!" बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि त्याच भरल्या डोळ्यांनी ती हसायला लागली. "लाव फोन विहिणीला. माझ्यासमोर सांग."

मी फोन लावला, स्पीकरवर सगळं सांगितलं. मग विहीणबाई म्हणाल्या, "भाऊजी, मला तुमच्याच तोंडावर दिसलं होतं ते. पाहुण्यानं कसं बोलायचं?" पद्माक्का इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. नंतर दोघींचं जे सुरू झालं ते संपेना. माझ्या फजितीच्या जोडीला त्यांनी जावयाच्या लहानपणच्या फजित्याही उकरून काढल्या.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. शंकरपाळ्यांसाठी म्हणून तिनं आनंदाच्या भरात दूध चढवलं होतं. ते उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं. माझ्या मनात आलं, आता ती पुन्हा घाबरणार.

पद्माक्कानं गॅस बंद केला. पेन्सिलीकडं तिचा हात गेला नाही.

"हे मातर माझं," ती म्हणाली. "मीच ठेवलं, माझ्याच ध्यानातनं गेलं."

वर्षभर जे मला जमलं नव्हतं, ते ती ओटा पुसता पुसता बोलून मोकळी झाली होती. मी तिच्याकडं बघतच राहिलो.

"बघत काय उभारलास? दुसरं फडकं घे. आन् मैदा चाळाय लाग, दिवस मावळायला दोनच तास हाईत."

गेल्या उन्हाळ्यात पद्माक्का गेली. शेवटपर्यंत तिला सगळ्या गल्लीची नावं आठवत होती. माझं मात्र तिनं पुन्हा कधी घेतलं नाही. त्या दिवसापासून ती मला गाढवा म्हणूनच हाक मारायची, आणि मी ओ द्यायचो.