माझी खोटी साक्ष

दार सताड उघडं, पंखा संथ फिरतोय, सुपात अर्धाच निवडलेला सुका जवळा, उंबऱ्याशी आईच्या चपला... आणि आई कुठेच नाही. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात शाळेतून आलेली दहा वर्षांची मी दप्तरासकट तशीच उभी राहिले. प्रभू एक दिवस अचानक येऊन आपल्या माणसांना स्वर्गात नेईल, असं आम्हाला शिकवलं होतं; तो येऊन गेला होता. ज्यांचं तारण झालं त्यांना घेऊन गेला होता, आणि मी मागे राहिले होते.

मला त्यात अन्यायही वाटला नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी भक्तीनंतर साक्ष द्यायची रीत होती — एकेकाने उठून आपण प्रभूचे कधी झालो ते सांगायचं. मोठ्यांना दिवस, वार, डोळ्यांतलं पाणी, सारं आठवे. मला तसं कधी काही झालंच नव्हतं. पण माझ्याएवढ्या मुली उठू लागल्या, तेव्हा मागच्याच रविवारी मीही उठले आणि अंगभर ऊब पसरल्याचं, हुंदका फुटल्याचं अगदी रंगवून सांगितलं. आईने पदराने डोळे टिपले. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारच्या मावशी, मूळच्या कोन गावच्या, दारात आल्या; पण त्यांना पाहून धीर कसला येणार, त्या आमच्या मंडळीच्या नव्हत्याच; त्याही मागेच राहणार होत्या.

"रडतेस कनाला? तुजी आय वर गच्चीवर हाय. मासली सुकत घालतेय," त्या म्हणाल्या.

आई अनवाणीच वर गेली होती. करंजा बंदरावरून आणलेल्या मासळीचा, मिठाचा, तापलेल्या गच्चीचा वास तिच्या हातांना येत होता. मी तिला घट्ट बिलगले.

सगळं सांगितलं ते संध्याकाळी, पप्पांना. पप्पा कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसत. ते रागावले नाहीत.

"माझी वजनाची चिठ्ठी घेऊन ट्रकवाला सरळ पुण्याला निघतो, फिरून वजन करत नाही," ते म्हणाले. "माझ्यासारख्या माणसाचा शब्द त्याला पुरतो. मग देवाने आपल्या पुत्राविषयी स्वतः दिलेली साक्ष तुला का पुरू नये? तुला काय वाटलं ते राहू दे. त्याने काय सांगितलंय ते बघ: जो पुत्रावर विश्वास ठेवतो, त्याला तो सोडत नाही."

"आणि मी दिलेली साक्ष?"

"ती खोटी होती. त्याची खरी आहे."

ते ऐकून माझं भय कायमचं गेलं, असं लिहायला आवडलं असतं... गेलं नाही. भरल्या प्रार्थनेतही आपण एकटेच कोरडे आहोत, ही भावना माझ्याबरोबरच मोठी झाली. मी विश्वास ठेवला तो कोरडेपणानेच.

पुढे बऱ्याच वर्षांनी आई आधी गेली. पप्पा इस्पितळात होते तेव्हा एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. "मला काहीच जाणवत नाही गं," ते म्हणाले. "प्रार्थना करतो, पण सगळं कोरडं. घेईल ना तो मला?"

जन्मभर ज्यांच्या भरवशावर मी चालले, ते मला विचारत होते. मला फार भीती वाटली.

"त्याने तसं सांगितलंय, पप्पा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. माझा हात मात्र सोडला नाही.

आता पप्पाही नाहीत; मला तेच विचारावंसं वाटतं तेव्हा घरात कोणी नसतं. मग मी पवित्र शास्त्र उघडते आणि मोठ्याने वाचते. मनातल्या मनात वाचून भागत नाही. मला ते अजून कुणीतरी सांगितलेलं ऐकावं लागतं.