चांगलं निघालं म्हणून बाद

माझ्या दिरांना कारखान्यात सगळे ‘आरसा’ म्हणतात. नव्यानं लागलेल्यांना वाटतं, टकलामुळे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही, कारण खरी गोष्ट सांगायला बसलं की माझंच डोकं फिरतं. आज सांगते, पण मध्ये बोलायचं नाही.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. आम्ही बोटाएवढे पोलादी दांडे बनवतो. खूप वेगानं फिरणाऱ्या यंत्रांच्या पोटात ते बसतात. पूर्वी आमचा बहुतेक माल परदेशात, रक्ततपासणीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीकडे जायचा. दांडा जितका गोल, तितकं यंत्र न थरथरता फिरतं. लेथवरून उतरलेला दांडा शेवटी चाकावर घासावा लागतो, आणि ते घासकाम भावजींचं. माझ्या लग्नाआधीपासून ते तिथे आहेत, मला तपासणीत चिकटवलं तेही त्यांनीच. त्यांनी घासलेला दांडा उजेडाकडे धरला की त्यात आपल्या भुवईचा केस न् केस दिसायचा. म्हणून आरसा.

मी बसते शेडच्या कोपऱ्यात, काचेच्या खोलीत. गरम पोलाद फुगतं, म्हणून त्या खोलीत कायम गारठा. बाहेर लोक घामानं निथळत असतात आणि मी आत स्वेटर घालून. दांडा आला की आधी निवू द्यायचा, मग गेजखाली ठेवून हळूहळू फिरवायचा. गोलाईत फरक असला की काटा हलतो. भावजींच्या दांड्याला काटा ढिम्म हलायचा नाही. मी म्हणायचे, भावजी, अधूनमधून एखादा बिघडवत जा, नाहीतर मालक विचारतील की या बाईला पगार कशाचा देतोय आपण. ते हसायचे. तेव्हा हसायचे ते.

मग आमची एक पेटी बंदरावर अडकली. सरकारची म्हणे एक यादी असते, न विचारता देशाबाहेर न्यायच्या नाहीत अशा वस्तूंची. तोफा, दारूगोळा, समजू शकते मी. पण आमचे बोटाएवढे दांडे? तर म्हणे, इतका गोल दांडा क्षेपणास्त्राला दिशा दाखवणाऱ्या यंत्रातही चालतो. त्यांनी एक रेघ ठरवलेली होती. गोलाईतला फरक त्या रेघेपेक्षा कमी असला, म्हणजे माल फारच चांगला असला, की परवाना लागणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी तणतणले. भावजी शांतपणे म्हणाले की चोर ओळखणार कसा, दांड्यावर थोडंच काही लिहिलेलं असतं. पेटी तिथल्या गोदामात गंजून गेली.

मालकांनी रीतसर परवाना मागून पाहिला. माल कुठे जाणार, कोण वापरणार, तो पुढे कुणाला विकणार, हे सगळं विचारून झालं. उत्तरं दिली की त्या उत्तरांवर नवे प्रश्न. परवाना हातात पडला तोवर कंपनीनं दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. वरातीमागून घोडं. आणखी एका गिऱ्हाइकाचं असंच झाल्यावर मालकांनी वेगळंच डोकं लावलं. परदेशातलंच, पंप बनवणारं एक गिऱ्हाईक होतं, त्याचं थोड्या कमी गोल दांड्यावर भागत होतं. मालकांनी भावजींना बोलावून सांगितलं की इथून पुढे रेघेच्या अलीकडे थांबायचं. माल चांगला हवा, पण परवाना लागेल इतका चांगला नको.

झालं. माझं काम उलटं झालं. आजवर वाईट निघालं की बाद करत होते, आता चांगलं निघालं की बाद. पहिल्याच दिवशी भावजींचा अख्खा ट्रे बाद झाला. त्यांनी थांबायचा प्रयत्न केला होता हो, पण हातच थांबेना. मी ट्रे परत घेऊन गेले तर त्यांनी एकेक दांडा फिरवून पाहिला आणि मला विचारलं, वहिनी, यात चूक काय आहे ते दाखवा. काय दाखवणार मी? त्या दिवशी डबा खायला ते माझ्यासमोर बसले नाहीत. त्यानंतर काचेच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. ट्रे दाराशी ठेवायचे, काचेवर टकटक करायचे आणि वळायचे.

बाद झालेले दांडे वितळवायला गेले. एक मी मागे ठेवला. भावनेच्या भरात वगैरे नाही, उगाच काही समजू नका. मला रोज सकाळी गेज तपासायला एक खात्रीचा दांडा लागतो. तो लावून काटा हलला, तर दोष गेजचा. म्हणून एक फ्लॅनेलमध्ये गुंडाळून खणात ठेवला.

हळूहळू ते काम भावजींच्या अंगवळणी पडलं. चाक टेकवायचं, घासायचं, आणि शेवटचा हात फिरवायची वेळ आली की उचलायचं. पुढे पुढे माझ्याकडून एकही बाद होईना. मालक खूश, पंपवाला खूश. पण माणूस काही कारखान्यातला वेगळा आणि घरातला वेगळा नसतो. पूर्वी दाराची बिजागरी करकरली तरी भावजींना झोप लागायची नाही. आता जाऊबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तर त्यांनी खाली बादली ठेवली. जाऊबाई बोलून थकल्या. खुर्चीचा पाय बसवला तोही डुगडुगता, आणि वर म्हणाले, चालतंय की. मला इतका संताप यायचा, पण काढायचा कुणावर? मालक पोट भरत होते, सरकार आपलं काम करत होतं, आणि मी तर रोज माझ्याच हातानं त्या डुगडुगत्या कामाला पास म्हणत होते.

मग कधीतरी सरकारला वाटलं की यादी जुनी झाली, सुधारली पाहिजे. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना म्हणणं मांडायला बोलावलं. मालक आम्हा दोघांनाही घेऊन गेले. मोठा हॉल, लांब टेबल, बंद पडलेला पंखा. यादीचं काम बघणारे साहेब समोर बसले होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी चांगली भांडायची तयारी करून गेले होते. मालक खूप वेळ बोलले. मग साहेबांनी भावजींना विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का.

“साहेब, चांगलं करू की नको, एवढं एकदा ठरवून सांगा,” भावजी म्हणाले. “माझी नोकरी संपत आलीय.”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुमचा दांडा शेवटी कुठे जाऊन बसणार, हे मला कुणी खात्रीनं सांगितलं, तर मी आत्ता सही करतो. ते कुणी सांगत नाही, म्हणून ही यादी आहे.”

खोटं बोलत नव्हता तो माणूस. माझं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं.

त्यानंतर खूप दिवस काहीच झालं नाही, आम्ही विसरूनही गेलो, आणि मग एकदम झालं. रेघ हलली. ओळखीच्या देशातलं ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर आधी विचारायची गरज नाही, माल कुणाला दिला ते नंतर कळवलं की पुरे. मालकांनी शेडभर चहा पाजला. त्या रक्ततपासणीवाल्या कंपनीला कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं की आम्हाला ते जुने दांडेच हवेत, नमुने पाठवा. मालक भावजींना स्पष्टच म्हणाले की नमुने पसंतीला उतरले तर घासकाम तुमचंच, हवी तितकी वर्षं करा. नाही उतरले तर आपोआप घासणारं मशीन आणावं लागेल.

त्या रविवारी भावजींनी गळका नळ दुरुस्त केला. जाऊबाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. फोनवर रडत होती बाई, नळासाठी.

भावजींनी मशीन उघडून साफ करवून घेतलं, नवं चाक बसवलं, दिवे बदलले. पहिला ट्रे आला. काटा हलला. म्हटलं, असू दे, पहिलाच आहे. दुसरा आला, तिसरा आला. दाराशी टकटक व्हायची आणि ते वळायच्या ऐवजी काचेतून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी मान हलवायचे. शेवटी एका दुपारी ते ट्रे घेऊन स्वतःच आत आले. चपला दाराबाहेर काढल्या, देवळात शिरताना काढतात तशा. दांडे निवेपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसून होतो. थंडीनं त्यांनी हात काखेत घातले होते.

मी पहिला दांडा फिरवला. काटा हलला आणि थांबला. जिथे इतकी वर्षं थांबत होता, बरोबर तिथेच, रेघेच्या अलीकडे. दुसरा तसाच. पुढचेही तसेच.

“हात आपोआप उठतो, वहिनी,” ते म्हणाले. “दाबून धरला तरी उठतो.”

माझ्या मनात आलं, गेजच बिघडलं असेल. बिघडलेलं असू दे रे देवा, एवढं एक कर. मी खण उघडला, फ्लॅनेल सोडलं, तो खात्रीचा दांडा लावला आणि फिरवला. काटा ढिम्म हलला नाही.

भावजींनी हात पुढे करून तो दांडा उचलला. उजेडाकडे धरून हळूहळू फिरवत राहिले. त्यात स्वतःचा चेहरा दिसला असेल त्यांना, कारण जरा हसले.

“बाहेरचा दिसतोय,” म्हणाले. “काय हात आहे हो कारागिराचा. कुठून मागवला?”

खोटं बोलता आलं असतं मला. नाही बोलवलं.

“तुमचाच आहे, भावजी. मी बाद केलेला.”

त्यांनी तो पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग फ्लॅनेलची घडी नीट उलगडून त्यात गुंडाळला, खणात ठेवला, खण आत सरकवला. ट्रेकडे बोट करून त्यांनी विचारलं, “आणि हे आजचे? जुन्या नियमानं पास आहेत ना?”

“पास आहेत,” मी म्हटलं. “सगळे.”

“बरं,” ते म्हणाले, आणि ट्रे उचलून बाहेर गेले.