पक्कडचं दुकान

आमचे काका तंत्रशाळेत मोटर वाइंडिंग शिकवायचे. जळालेली मोटर खोलायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नव्या तारेची वेटोळी करून पुन्हा भरायची, हे ते काम. हात सोन्यासारखा होता त्यांचा, पण नाव झालं ते तोंडामुळे. ‘नोकरी मागू नका, धंदा काढा’ या विषयावर ते बोलायला उभे राहिले की मागच्या बाकावरचे पेंगणारेही ताठ बसायचे. हळूहळू इतर शाळांतूनही बोलावणी यायला लागली. रविवार उजाडला की काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार. काकू दारातून म्हणायची, “निघाली स्वारी! आज कितीजणांना हरभऱ्याच्या झाडावर चढवणार?”

काका हसायचे. “अगं, चढल्याशिवाय लांबचं दिसत नाही.”

त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या खिशात सदानकदा पक्कड असायची, म्हणून सगळे तिला पक्कडच म्हणायचे. पूर्ण वर्गात ती एकटीच मुलगी. बोटं बारीक, नजर पक्की. “माझ्यापेक्षा नेटकं भरते,” असं खुद्द काकाच घरी सांगायचे. शेवटच्या वर्षी तिला पंख्याच्या कारखान्यातून नोकरी आली, तेव्हा काकांनी तिला बोलावून घेतलं.

“दुसऱ्याच्या छपराखाली आयुष्य काढणार आहेस का? स्वतःचं दुकान काढ. मी आहे ना पाठीशी.”

तिची आई तयार नव्हती. हातची नोकरी सोडायची म्हणजे काय! काका तिच्या घरी गेले, अर्ध्या तासात आईचंही मन वळवून आले. बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याला लागून एक गाळा मिळाला. आत दोघं उभे राहिले की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढाच. उद्घाटनाला काका दहा मिनिटं बोलले, टाळ्या पडल्या, आणि ते पुढच्या कार्यक्रमाला गेले.

पुढची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली, म्हणून सांगते. चार-पाच महिने झाले असतील. एका शाळेत काकांचं भाषण होतं आणि त्यांची पिशवी सांभाळायला मी बरोबर होते. सभागृहाच्या पायऱ्या चढताना पक्कडचा फोन आला. तिचा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू येत होता.

“सर, लाँड्रीवाल्यांची मोठी मोटर आहे. दोनदा भरून दिली, दोनदा जळली. ते आता दुकानात येऊन ओरडतायत. तुम्ही एकदा येऊन बघाल का?”

आयोजक हार घेऊन उभे होते. काका म्हणाले, “अगं, घाबरतेस कशाला? पडल्याशिवाय कुणी चालायला शिकलंय का? स्वतःच शोधून काढ. तुला जमेल.” आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेले. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी पक्कडचीच गोष्ट सांगितली. मीही जोरात टाळ्या वाजवल्या.

तिने पुन्हा फोन केला नाही. काकांनीही केला नाही. तिची गोष्ट मात्र ते सांगत राहिले, आणि दर वेळी तिचं दुकान थोडं मोठं व्हायचं. एकदा तर त्यात दोन कारागीर आले. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नसायचं. आतापर्यंत एवढं झालंच असेल, असं ते धरून चालायचे.

पुढचं मला नंतर काकांनीच सांगितलं. दोन वर्षांनी त्यांनी ठरवलं, नव्या वर्गाला ते दुकान प्रत्यक्ष दाखवायचं. पंचवीस मुलं घेऊन ते त्या गल्लीत शिरले. गाळ्यात आरसे लागले होते. न्हावी एका गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा फिरवत होता.

“वाइंडिंगवाली ना? तिने कधीच गाशा गुंडाळला. मला येऊनच दीड वर्ष झालं,” तो मान वर न करता म्हणाला.

मुलं काकांच्या तोंडाकडे बघत राहिली. एकाने विचारलं, “सर, मग आता कुठे जायचं?” मुलांना काकांनी परत पाठवलं, आणि शिंप्याकडून तिचा ठावठिकाणा काढला.

ती एका मोठ्या दुकानात नवे पंखे आणि मिक्सर विकत होती. काका पोचले तेव्हा ती एका बाईंना सांगत होती, “जुना दुरुस्त करण्यात अर्थ नाही मावशी, नवाच घ्या.” काकांना बघून ती दचकली, मग हसली. जेवणाच्या सुट्टीत दोघं मागच्या बाजूला, रिकाम्या खोक्यांवर बसले.

“ती लाँड्रीची मोटर?” काकांनी विचारलं.

“तिसऱ्यांदाही जळली. मग त्यांनी बाजारभर सांगितलं, पोरीला काही येत नाही म्हणून. गिऱ्हाईक तुटलं.”

“जळायची तेव्हा सगळी वेटोळी काळी व्हायची?”

“नाही. दोन गट जळायचे, तिसरा कोरा करकरीत.”

काकांनी डोळे मिटले. “त्यांच्या स्टार्टरचा एक पॉइंट सैल असणार. तीन तारांपैकी एकीतून वीज मधेच जात असणार. उरलेल्या दोन तारांवर सगळा भार. तुझं काम चोख होतं गं.”

तिने हातातला डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, “इतकंच होतं?”

“इतकंच.”

“मला वाटलं, माझ्या हातातच खोट आहे.”

काकांनी तिची माफी मागितली. पुन्हा दुकान काढ, या वेळी रोज येऊन बसतो, असंही म्हणाले. तिने शांतपणे नको म्हटलं. “आईला आता माझी काळजी वाटत नाही, सर. तेवढं राहू दे.” आणि सुट्टी संपली म्हणून ती आत गेली.

त्यानंतर काकांनी भाषणाची बोलावणी घेणं बंद केलं. ज्यांना ज्यांना त्यांनी धंद्यात ढकललं होतं, त्यांची नावं आठवून एकेकाच्या दारात जाऊ लागले. काही दुकानं चालू होती, काही नव्हती. एकाने तर दारातूनच परत पाठवलं. “आता आलात, वरातीमागून घोडं!” काका ते ऐकून घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत.

मी तसबिरींच्या चौकटी करायचं दुकान काढलं, तेव्हा वाटलं होतं की काका पाठ थोपटतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “अडलीस तर कुणाला विचारशील?” दुसऱ्या दिवशी ते मला एका म्हाताऱ्या काचवाल्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, “हिला काच कापायचं नीट शिकवा, आणि हिचा फोन आला तर उचला.” पहिले सहा महिने ते रोज दुपारी येऊन बसायचे. काम नसलं तर खिळे निवडायचे.

दुकानाला तीन वर्षं झाली तेव्हा मी त्यांना म्हणाले, “काका, तुमच्यामुळे झालं हे सगळं.”

ते खिळे निवडत होते. “तुझं झालं गं,” ते म्हणाले, “पण तिचा हात तुझ्यापेक्षा चांगला होता.”

मला राग आला नाही. खरंच होतं ते.